सुपरहिरो फिगर्स कोणत्या मापाच्या जमवाव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये अॅक्शन फिगर्स (हातपाय वळवता येणाऱ्या, कॉमिक्स-सिनेमातल्या पात्रांच्या छोट्या मूर्ती) जमवणारे आता कॉलेज रोडपासून देवळाली कॅम्पपर्यंत भेटतात, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. त्यातले सगळ्यात जास्त मापाबद्दलचे. ते रास्तही आहे. चुकीची फिगर घेतली तर एक फिगर चुकते. माप न ठरवता घेत गेलं तर दोन वर्षांनी अख्खं कपाट विस्कळीत दिसतं. एका उत्तरात जे आलं आहे ते दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्केल म्हणजे नेमकं काय? ‘सहा इंची’ आणि ‘१:१२’ एकच ना?

जवळपास एकच, पण अगदी तेच नाही. १:१२ म्हणजे एकास बारा: खऱ्या माणसाच्या बारा इंचांचा इथे एक इंच. सहा फुटी माणूस ७२ इंचांचा, बाराने भागलं की सहा इंच. म्हणून या प्रमाणातल्या मालिकांना ‘सहा इंची’ म्हणायची पद्धत पडली. पण त्या मालिकेतली प्रत्येक फिगर सहा इंच भरेलच असं नाही, आणि भरूही नये. बुटकं पात्र बुटकंच दिसलं पाहिजे (प्रश्न ७). खोक्यावरचे इंच ही त्या फिगरची उंची झाली; प्रमाण म्हणजे शेजारच्या फिगरशी तिचं नातं. संग्रह प्रमाणावर उभा राहतो.

२. बाजारात मिळतात ती मापं कोणती?

साडेतीन ते चार इंच, म्हणजे साधारण १:१८. ३.७५ इंच हे माप केनर कंपनीने १९७८ साली ‘स्टार वॉर्स’च्या फिगर्सनी रुजवलं, १९८२ पासून जी. आय. जो हे खेळण्यातले सैनिक त्याच मापात आले. मार्व्हलच्या (स्पायडरमॅन, आयर्न मॅनवाल्या) पात्रांसाठी हॅस्ब्रोने २००९ मध्ये ‘मार्व्हल युनिव्हर्स’ ही मालिका याच मापात काढली. डीसीमध्ये (बॅटमॅनचं घराणं) स्पिन मास्टरच्या चार इंची फिगर्स याच्या जवळ जातात.

सहा इंच, १:१२. आज सुपरहिरोंचं मुख्य माप हेच. ‘मार्व्हल लेजेंड्स’ २००२ मध्ये टॉय बिझने सुरू केली, २००७ पासून ती हॅस्ब्रोकडे आहे. जपानी एस. एच. फिगुआर्ट्स आणि माफेक्स, खऱ्या कापडाचे पोशाख घालणारी मेझ्कोची ‘वन:ट्वेल्व्ह’, सगळ्या याच गटातल्या.

सात इंच, साधारण १:१०. मॅकफार्लेनची ‘डीसी मल्टिव्हर्स’ आणि नेकाच्या फिगर्स.

बारा इंच, १:६. हॉट टॉइज कंपनीच्या, संग्राहकांसाठीच्या महागड्या फिगर्स. इथे एक सापळा आहे. दुकानात ‘बारा इंची’ म्हणून हॅस्ब्रोची ‘टायटन हिरो’ मालिकाही असते. उंची सारखी, पण ती मुलांच्या खेळण्यासाठी केलेली, मोजक्या सांध्यांची आणि स्वस्त. दोघांना एका तागडीत तोलू नका.

याशिवाय आठ इंची कापडी कपड्यांची मेगो कंपनीच्या घराण्यातली फिगर, जिची सुपरहिरो मालिका १९७२ ची. ती ज्यांना आवडते त्यांना फार आवडते. बाकीच्यांनी त्या वाटेला जायचं कारण नाही.

३. मी अगदी नवीन आहे. एकच सांगा, कोणतं घेऊ?

मार्व्हल आवडत असेल तर सहा इंच. पात्रं सगळ्यात जास्त याच मापात आहेत, आणि माझ्या मते हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा जड आहे. कॅप्टन अमेरिका, आयर्न मॅन आणि स्पायडरमॅन कुठल्याही मापात मिळतील. पण दीड वर्षाने तुम्हाला एखादा दुय्यम एक्स-मॅन हवासा वाटेल, आणि तो फक्त सहा इंचात निघालेला असेल.

फक्त डीसी आवडत असेल तर सात इंच. घर लहान आणि गाड्यांचं वेड मोठं असेल तर ३.७५.

पण पैसे काढण्याआधी एक काम करा. ज्या दहा पात्रांशिवाय तुमचं चालणार नाही त्यांची नावं कागदावर लिहा आणि ती कोणत्या मापात निघाली आहेत ते शोधा. यादीतली आठ एका मापात सापडली की माप ठरलं. उरलेल्या दोघांसाठी तडजोड करता येते. उलट, फिगर हातात घेऊन ‘ही छान आहे’ म्हणून माप ठरवलं तर यादीतल्या निम्म्यांना कायमचं मुकावं लागतं.

४. मार्व्हलवाले सहा इंची, डीसीवाले सात इंची. बॅटमॅन आणि कॅप्टन अमेरिका एकाच फळीवर ठेवायचे आहेत, कसं जमणार?

शेजारी ठेवून जमत नाही. मॅकफार्लेनचा बॅटमॅन सव्वासात इंचांच्या आसपास भरतो, लेजेंड्सचा कॅप्टन सहापेक्षा जरासा जास्त. दोघांना खांद्याला खांदा लावून उभं केलं की कॅप्टनचा माथा बॅटमॅनच्या हनुवटीपाशी येतो. लोक मग कॅप्टनच्या पायाखाली ठोकळा ठेवतात. उंची बरोबर होते, पण डोकं आणि मूठ लहान ती लहानच राहते, आणि आपल्या डोळ्यांना उंचीतला फरक एकवेळ खपतो, डोक्याच्या आकारातला खपत नाही.

मुळात हा घोळ पात्रांच्या फिगर्स बनवायच्या परवान्यामुळे झाला. आधी डीसीच्या फिगर्स मॅटेल सहा इंचात काढत असे, त्यामुळे दोन्ही घराणी एका कपाटात नांदत. २०२० मध्ये परवाना मॅकफार्लेनकडे गेला आणि माप सात इंचांवर गेलं. परवाना हलला की माप हलू शकतं, हे मनात धरूनच संग्रह करावा.

उपाय तीन. जुनी मॅटेलची सहा इंची डीसी फिगर्स वापरलेली शोधणं, ती अजून मिळतात. माफेक्स किंवा मेझ्कोचा बॅटमॅन घेणं, तो १:१२ मध्येच असतो, मात्र खिसा मोकळा करावा लागतो. किंवा दोन्हींना वेगळ्या फळ्या देणं. मी तिसरा मार्ग सुचवतो, कारण त्यात कुणालाच विकावं लागत नाही. फोटोसाठी म्हणाल तर सहा इंची पुढे आणि सात इंची जरा मागे ठेवून खाली वाकून फोटो काढा, फरक पार मिटतो.

५. वन बीएचके आहे, हॉलमधलं शोकेस तेवढंच मिळणार आहे. किती मावतील?

टेप घेऊन आधी शोकेसच्या खणाची आतली मोकळी उंची मोजा. बाहेरून मोजू नका, फळीची आणि काचेच्या पट्टीची जाडी त्यातून जाते. आपल्याकडच्या बऱ्याच शोकेसचे खण दहा ते बारा इंचांचे असतात. अशा खणात १:६ ची फिगर स्टँडवर चढवली की डोकं वरच्या फळीला लागतं. म्हणजे जुन्या शोकेसवर अवलंबून असाल तर हॉट टॉइजचा विचार तिथेच संपला.

सहा इंची फिगरला हात वर करून उभं करायला नऊ इंच उंची सोडा. रुंदीत एकेक फिगर साडेतीन-चार इंच खाते. साधारण सव्वातीन फुटांच्या फळीवर एका ओळीत दहा-अकरा बसतात. मागे तीन इंची पायरी टाकली तर आणखी तेवढ्याच. ३.७५ च्या फिगर्स त्याच फळीवर सोळा-सतरा, शिवाय खणाच्या मधे काचेची जादा फळी टाकून दोन मजले करता येतात. १:६ च्या पाच.

जुन्या नाशकात वाड्यात राहत असाल तर भिंतीतले कोनाडे आणि फडताळं यासाठी फार सुंदर जागा आहे. ती आत चांगली खोल असते, ऊन थेट येत नाही. फक्त पावसाळ्यात ती भिंत ओल धरते का ते एक वर्ष पाहा, मगच फिगर्स आत हलवा.

६. मला बॅटमोबाईल, क्विनजेट (अ‍ॅव्हेंजर्सचं विमान) असं सगळं हवंय. मग?

मग ३.७५. हिशेब साधा आहे. पंधरा फुटी गाडी १:१८ मध्ये दहा इंच होते, १:१२ मध्ये सव्वा फूट, १:६ मध्ये अडीच फूट. अडीच फुटी गाडी शोकेसच्या खणात ठेवणं अवघडच. कंपन्यांनाही हेच गणित आड येतं, म्हणून मोठ्या मापात मोठी वाहनं क्वचित निघतात.

१:१८ चा आणखी एक फायदा फार जणांना माहीत नसतो. माइस्तो, बुरागो यांच्या धातूच्या गाड्या याच प्रमाणात मिळतात. ३.७५ ची फिगर त्यांच्या शेजारी उभी केली की रस्त्यावरचा प्रसंग तयार. खोक्यावर १:१८ लिहिलेलं बघा. १:२४ ची गाडी शेजारी ठेवली तर हिरो दाराच्या मापात बसत नाही.

७. सहा इंची वुल्व्हरिन घेतला, तो इतरांपेक्षा चक्क लहान आहे. डुप्लिकेट लागला का?

नाही, बरोबर आहे. कॉमिक्समधला वुल्व्हरिन पाच फूट तीन इंचांचा. बाराने भागा: सव्वापाच इंच. तो कॅप्टनएवढा असता तर तक्रार करायला हवी होती. नकली ओळखायची खूण वेगळी, ती प्रश्न १२ मध्ये.

८. मग हल्क आणि गॅलॅक्टसचं काय? ते कोणत्या मापात घ्यायचे?

तुमच्याच मापात, फक्त ते मोठे असणार. आठ फुटी हल्क १:१२ मध्ये आठ इंचांचा. त्याच्यासाठी एक उंच खण आधीच राखून ठेवा.

याहून मोठ्या पात्रांसाठी ‘बिल्ड-अ-फिगर’ ही युक्ती निघाली: एका लाटेतल्या (एकाच वेळी बाजारात येणाऱ्या संचातल्या) प्रत्येक फिगरच्या खोक्यात मोठ्या फिगरचा एकेक अवयव, सगळ्या घेतल्या की जोडून पूर्ण. मार्व्हल लेजेंड्समध्ये तिची सुरुवात २००५ मध्ये गॅलॅक्टसनेच झाली. पुढे हॅस्ब्रोने आगाऊ नोंदणी घेऊन २६ इंची सेंटिनेल (राक्षसी यंत्रमानव) आणि ३२ इंची गॅलॅक्टस काढले. ३२ इंच म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढी उंची. आणि तरीही कॉमिक्सच्या हिशेबाने गॅलॅक्टस लहानच पडतो, कारण तो ग्रह खातो. अशा पात्रांसाठी प्रमाणाचा हट्ट सोडावा. तो सगळ्यांत उंच दिसला की पुरे.

अवयवासाठी नको असलेली फिगर घेऊ नका. नुसते अवयवही संग्राहकांकडे सुटे मिळतात.

९. लहानपणीचे फनस्कूलचे जी. आय. जो अजून आहेत. त्यांच्याबरोबर काय जुळेल?

३.७५ च्या सुपरहिरो फिगर्स. फनस्कूल १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीत सुरू झाली आणि तिचे जी. आय. जो मूळ मापाचेच आहेत. त्यांच्या कमरेत एक रबरी रिंग असते, ती वयाने सुकून तुटते आणि फिगरचे दोन तुकडे होतात. घाबरू नका, पाठीचा स्क्रू काढून नवी रिंग टाकता येते. नळाचं सामान विकणाऱ्या दुकानात जुनी रिंग दाखवा, मापाची मिळून जाते. स्क्रू हलक्या हाताने, प्लॅस्टिक आता ठिसूळ झालेलं असतं.

१०. जपानी फिगर पण १:१२, लेजेंड्स पण १:१२. मग किंमत तिप्पट का, आणि शेजारी ठेवल्या तर चालेल का?

किंमत सांध्यांची, रंगकामाची आणि सोबत येणाऱ्या जादा चेहऱ्यांची आणि हातांची. शेजारी ठेवलेलं चालतं, पण फिगुआर्ट्सची बांधणी सडसडीत आणि जराशी लहान असते. लेजेंड्सचा रुंद छातीचा थॉर शेजारी आला की ती कोवळी वाटते. माफेक्स बऱ्यापैकी जुळते. सिनेमातली टीम एका कंपनीची आणि कॉमिक्समधली दुसरीची अशी वाटणी केली तर डोळ्याला खटकत नाही.

११. पैसे साठवून एकच हॉट टॉइज घ्यावं की सहा इंची आठ-दहा?

बाहेरच्या मूळ किमती पाहिल्या तर लेजेंड्स २५ डॉलरच्या आसपास आणि हॉट टॉइज २०० डॉलरच्या वर. म्हणजे तुलना तुम्ही म्हणता तीच आहे. एखाद्याच पात्रावर जीव असेल तर एकच मोठी फिगर घ्या आणि तिथे थांबायची तयारी ठेवा. टीम उभी करायची असेल तर या वाटेला जाऊ नका.

नाशिकच्या हवेचा विचार मात्र नक्की करा. या फिगर्सच्या पोशाखात रेक्झिनसारखं कापड फार असतं. जून ते सप्टेंबर दमट, मग कोरडी थंडी, मग मे महिन्यात चाळिशीकडे जाणारा पारा, या फेऱ्यात ते रेक्झिन कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीपाशी आधी भेगाळतं आणि मग पापुद्रे सुटतात. हात-पाय वाकवून वर्षानुवर्षं ठेवू नका, सरळ उभं ठेवा. काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदलत राहा. रेक्झिन नसलेलं पात्र निवडणं हा सगळ्यात चांगला उपाय. आयर्न मॅनला ही काळजी नाही.

१२. मेनरोडला दीडशे रुपयांत पाच जणांचा सेट मिळतो. तो संग्रहात चालेल का?

मुलांच्या हाती द्यायला कोणी घेत असेल तर प्रश्न १४ वाचा. संग्रहासाठी नको, आणि त्याचं कारण मापातच आहे. नकली फिगर बऱ्याचदा अस्सल फिगरवरून साचा काढून ओततात. प्लॅस्टिक थंड होताना आकसतं, त्यामुळे नक्कल मूळ फिगरपेक्षा किंचित लहान निघते. अस्सल शेजारी ठेवली की खांद्याची रेषा खाली आलेली दिसते. सांधे सैल, तळव्यातली भोकं बुजलेली, डोळ्यांचा रंग रेषेबाहेर. अस्सल फिगरच्या पाठीवर, मांडीवर किंवा तळव्यावर कंपनीचं नाव आणि हक्काचा मजकूर बारीक अक्षरात कोरलेला असतो. नकलीवर तो खरवडलेला किंवा वितळल्यासारखा दिसतो.

१३. अस्सल फिगर्स नाशिकमध्ये मिळतात का?

थोड्या. सिटी सेंटर मॉल आणि कॉलेज रोडच्या बाजूच्या मोठ्या खेळण्यांच्या दुकानांत टायटन हिरो आणि अधूनमधून लेजेंड्स दिसतात. नेमकं पात्र हवं असेल तर ऑनलाइन, किंवा मुंबई. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी परत येणारे बरेच जण आहेत. परतीच्या गर्दीत १:६ चं खोकं सांभाळणं अवघड, तेवढं लक्षात ठेवा. मुंबई कॉमिक कॉनलाही बरीच मापं एका छताखाली हातात घेऊन बघता येतात. माप ठरलेलं नसेल तर एकदा तिथे जाऊन याच.

दुकानात माल कमी दिसण्याला कारण आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, आणि आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के, २०२३ मध्ये ७० टक्के केलं गेलं. बाहेरून थेट मागवत असाल तर फिगरच्या किमतीवर शुल्क आणि कुरिअर धरून हिशेब करा. जी फिगर तिथे स्वस्त वाटते ती दारात येईपर्यंत इथल्या विक्रेत्यापेक्षा महाग पडते, असं वारंवार होतं.

१४. मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याला स्पायडरमॅन हवाय. कोणतं माप?

बारा इंची टायटन हिरो. सांधे कमी म्हणून तुटायला कमी, सुटे भाग जवळपास नाहीत, हातात भरतो. सहा इंची लेजेंड्सच्या खोक्यावर चार वर्षांवरील असं लिहिलेलं असतं, पण सुटणारे हात आणि जाळ्याचे बारीक तुकडे असतात. घरात धाकटं भावंड असेल तर नकोच. मॅकफार्लेनवर बारा वर्षांवरील असं असतं. मुलांसाठी घेताना आयएसआय चिन्ह बघितल्याशिवाय घेऊ नका. तुमचा संग्रह आणि त्याचं खेळणं वेगळं ठेवा, आणि त्याला त्याचं मनसोक्त आपटू द्या.

१५. दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवल्या तर?

दर ऑक्टोबरला हा प्रश्न येतो. मातीचे मावळे दोन-तीन इंचांचे असतात, त्यामुळे ३.७५ ची फिगर पहाऱ्यावर शोभते. सहा इंची फिगर मात्र महादरवाज्यापेक्षा उंच होते. किल्ल्यावर सिंहासनावरचे महाराज सगळ्यांत मोठे आणि मावळे लहान, ही आपली जुनी रीत आहे. ती मोडेल असा हिरो वर बुरुजावर चढवू नये असं मला मनापासून वाटतं. अळीव पेरून रोज पाणी शिंपडलं जातं, ती ओली माती घोट्याच्या सांध्यात गेली की सांधा करकरतो आणि रंग खरवडतो. सुट्या, जुन्या फिगर्सच ठेवा, आणि काढल्यावर जुन्या टूथब्रशने कोमट पाण्यात धुवा.

१६. मे महिन्यात सहा इंची फिगर्स आपोआप पुढे झुकायला लागल्या. माप बदलायला हवं का?

नको. उष्णतेने मऊ पीव्हीसीचे घोटे वजनाखाली वाकतात, आणि उंच बारीक फिगरला हा त्रास कुठल्याही मापात होतो. पश्चिमेच्या खिडकीसमोरचं कपाट हलवा आणि बारीक पायांच्या फिगर्सना स्टँड द्या. वाकलेला पाय कढत पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवा, सरळ करून धरा, तसाच गार पाण्यात घाला. पाणी उकळतं नको. कापडाचे पोशाख किंवा आत दिवे असलेल्या फिगरवर हे करू नका. नव्या फिगरचा सांधा अडकला असेल तर जोर लावण्याआधी हेअर ड्रायरची ऊब द्या. ओढून फिरवल्याने आतली खुंटी तुटते आणि ती परत बसत नाही.

१७. नागराज, शक्तिमान माझ्या मापात हवे आहेत. थ्रीडी प्रिंट करून घेऊ का?

हो, आणि इथे स्केल कळलेला माणूस पुढे असतो. फाइल कोणत्या प्रमाणात आहे ते आधी विचारा. १:१० ची फाइल १:१२ ला आणायची तर ८३.३ टक्के, १:६ ची निम्मी. पण फाइल लहान केली की सांध्यांच्या फटीही लहान होतात आणि छापल्यावर सांधे चिकटून बसतात. म्हणून न हलणारी, एका पवित्र्यातली फिगर छापणं सोपं. हलणारी हवी असेल तर साध्या सहा इंची फिगरचं धड घ्या आणि फक्त डोकं छापा. डोक्याची उंची आधी पट्टीने मोजून घ्या.

१८. निम्मा संग्रह ३.७५ चा झाला आणि आता सहा इंची आवडायला लागलेत. सगळं विकून टाकू?

लगेच नको. ३.७५ मध्ये नवी पात्रं आता कमी येतात, त्यामुळे एकदा दिलेली फिगर परत मिळवायला वेळ आणि जादा पैसे दोन्ही लागतात. आधी नवी खरेदी फक्त सहा इंचात करा आणि सहा महिने थांबा. या काळात ज्या जुन्या फिगर्सकडे तुम्ही वळूनही पाहिलं नाही त्या काढा. वाहनं आणि त्यात बसणारे हिरो ठेवा, त्यांना सहा इंचात पर्याय नाही (प्रश्न ६).

विकताना एकेक फिगर तिच्या हत्यारांसह पारदर्शक पिशवीत घालून नाव लिहा. सुटी ढाल, हातोडा, जादा मूठ एका डब्यात एकत्र टाकली की कोणाची कोणती हे नंतर लावता येत नाही, आणि ढालीशिवायच्या कॅप्टनला निम्मीही किंमत येत नाही.